शेवटची एसटी गेल्यावर: वस्तीवरच्या सेवेत टिकून कसं राहावं

जय ख्रिस्त.

मी मिरजेची. पेशानं नर्स. गेली २२ वर्षं जत आणि कवठेमहांकाळ तालुक्यांतल्या वस्त्यांवर प्रार्थनेच्या भेटींना जाते. या सेवेत नव्यानं आलेली मुलंमुली मला दोनच गोष्टी विचारतात. "मावशी, भीती वाटली तर काय करायचं?" आणि "हाकलून दिलं तर परत जायचं का?" दोन्हींबद्दल सांगते, पण आधी माझ्या हातून झालेली चूक सांगायला हवी.

२०१६ चा उन्हाळा होता. जतच्या बाजूला एका वस्तीवर आजी, त्यांचा मुलगा आणि सून असं घर. दर दुसऱ्या गुरुवारी दुपारी तीन वाजता सहा-सात बाया जमायच्या. मी सगळ्यांचं बीपी बघायचे, मग दोन गाणी, वाचन, आजारी माणसांसाठी प्रार्थना, बस्स. एका गुरुवारी मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांचा फोटो काढला आणि वस्तीचं नाव लिहून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर टाकला. फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आठ दिवसांत त्याच गावात पोचला. पुढच्या भेटीला अंगणात वीस-पंचवीस पोरं उभी होती. मारलं कुणी नाही. स्कूटीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली, गाण्यांची पुस्तकं घेतली, पुन्हा दिसायचं नाही म्हणून बजावलं. मी आणि बरोबरची बाई, दोघी गाडी ढकलत फाट्यापर्यंत आलो आणि रात्री नऊला घरी पोचलो.

मला वाटलं, सोसलं ते आपण. खरं सोसणं दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात सुरू झालं होतं. दूध घालायला गेलेल्या मुलाला माघारी पाठवलं. अकरा दिवस त्यांच्या दोन गाईंचं दूध कुणी घेतलं नाही. टँकर आला की सुनेची घागर सगळ्यांत शेवटी. आजींनी मला फोन केला नाही. महिन्यानं त्यांच्या एका पाहुण्याकडून कळलं.

आपण शेवटच्या एसटीनं घरी येतो. ते घर तिथंच राहतं. खाली जे काही सांगते ते सगळं एवढ्यावरून शिकलेलं आहे.

निघण्याआधी

बोलावणं कुणाचं आहे ते बघा. घरातल्या कर्त्या माणसाला आणि सासूला ठाऊक असेल तरच उंबरा ओलांडा. सून चोरून बोलावत असेल तर तिच्या घरी जाऊ नका. तिचं दुःख खरं असतं, आपलं मन ओढ घेतं, मला ठाऊक आहे. पण घरात कळल्यावर ती एकटी सापडते. तिला बाजाराच्या दिवशी भेटा, सरकारी दवाखान्याच्या बाकावर भेटा, ऐकून घ्या.

एकट्यानं जाऊ नका. बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूनं दोघादोघांना पाठवलं, ते उगीच नव्हे. बायांकडे जाताना एक तरी बाई हवीच. तिसरं माणूस घरी असावं, ज्याच्याकडे वस्तीचं नाव, रस्ता आणि परतीची वेळ लिहून ठेवलेली आहे. आमच्यात ठरलेलं आहे: सहाला फोन. सातपर्यंत आला नाही तर घरचं माणूस आधी त्या गावातल्या ओळखीच्याला फोन करतं, नंतर ११२ ला. जतच्या पूर्वेला काही वस्त्यांवर रेंज मिळत नाही, म्हणून शेवटच्या रेंजच्या ठिकाणाहून "आत चाललो" एवढं कळवून पुढं जायचं.

वेळ दिवसाचीच ठेवा. परतीला शेवटच्या एसटीच्या आधीची गाडी धरा, म्हणजे ती चुकली तरी एक हाताशी राहते. यात्रेचा आठवडा, विसर्जनाची मिरवणूक आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा महिना टाळा. निवडणुकीत बाहेरचं प्रत्येक माणूस कुणाच्या ना कुणाच्या पार्टीत मोजलं जातं, आणि मग वैर आपलं नसलं तरी अंगावर येतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या जातात, वस्तीवर म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. त्या दिवसांत शिकवण नको. गोळ्या संपल्यात का, चष्मा फुटलाय का, एवढं विचारा. आईबाप कोयत्यावर असताना लेकरांना गोळा करून गाणी शिकवायची नाहीत, त्यांनी कितीही हट्ट केला तरी.

नव्या गावात गेलं की मी आधी पोलीस पाटलांच्या घरी जाते. नाव सांगते, मिरजेची आहे म्हणते, कुणाच्या घरी आणि कशाला चाललेय तेही सांगते. चोरून जाणाऱ्याबद्दल गाव नाही नाही ते बोलतं.

बरोबर काय न्यावं, काय नेऊ नये

फोटो काढायचाच नाही. पाहुणे आले तर त्यांचा मोबाईल स्टँडवरच पिशवीत ठेवायला सांगा. मोठे पाहुणे असतील तर आधी सांगा. हे मी आता कुणालाही सांगते.

मदतीच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, निम्मी सांगली पाण्यात होती. आम्ही पिशव्या भरत होतो: तांदूळ, डाळ, मेणबत्त्या, काडेपेटी, सॅनिटरी पॅड, पाण्यात टाकायचं क्लोरीन. एका तरुणानं प्रत्येक पिशवीत सुवार्तेचं, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाचं, छोटं पुस्तक घातलं. त्याचा भाव शुद्ध होता. आम्ही रात्री बसून चारशे पिशव्या पुन्हा उघडल्या आणि पुस्तकं काढली. छपरावर बसलेल्या माणसाला तांदूळ हवा असतो, आणि त्या क्षणी त्याला "नको" म्हणता येत नाही. ज्याला नको म्हणता येत नाही त्याच्या हातात आपला विश्वास ठेवायचा नाही. आमिष दाखवल्याचा आरोप होतो हे कारण आहेच, पण ते दुसरं.

औषधाबद्दल मी नर्स म्हणून फार कडक आहे. प्रार्थना करा, डोक्यावर हात ठेवा, पण "आता गोळी बंद करा" हे शब्द तोंडातून येता कामा नयेत. टीबीची गोळी मध्येच सोडलेला माणूस पुढं कशाला सामोरा जातो ते मी वॉर्डात बघितलंय. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यासाठी झिजलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखणं हा त्या कायद्यात गुन्हा आहे. कायदा नसता तरी तो गुन्हाच होता. मिरजेत मिशनचं काम दवाखान्याच्या दारातून आत आलं. मिशनचे डॉ. वानलेस १८८९ मध्ये इकडे आले आणि १९२८ पर्यंत राहिले. त्या परंपरेत वाढलेल्यानं डॉक्टरांच्या विरुद्ध प्रार्थना उभी करायची नसते.

गाण्यांसाठी टाळ पुरे, स्पीकर नको. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग हळू आवाजात म्हटले तर शेजारची माणसं दारात येऊन ऐकतात, चाल त्यांच्या ओळखीची असते. टिळकांचा शेवटचा काळ साताऱ्यात गेला. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी तिथं 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. छप्पन्नाव्या वर्षी माणूस नव्यानं आरंभ करतो, ही गोष्ट थकलेल्या दिवशी मला फार उपयोगी पडते.

जमाव समोर आला तर

बसलेल्या बायांना आत राहू द्या आणि आपण बाहेर या. जमावाचं लक्ष घरावरून आपल्यावर आलं पाहिजे. बोलायचं एकानं, वयानं मोठा असेल त्यानं. आवाज खाली. "आम्ही निघतो," एवढंच. वाद घालू नका, व्हिडिओ काढू नका, अंगणात कलमं म्हणून दाखवू नका. पुस्तकं मागितली तर द्या, पुस्तकं पुन्हा मिळतात. वाट अडवली किंवा हात उचलला तर ११२.

कलमं ठाण्यात लागतात, म्हणून ती पाठ हवीत. राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसार करण्याचं स्वातंत्र्य आहे. ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. सर्वोच्च न्यायालयानं १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. धार्मिक भावना दुखावण्याबद्दलची तिची कलमं २९९ आणि ३०२. म्हणून कुणाच्या देवाबद्दल वावगा शब्द नाही, मूर्तीबद्दल नाही, वारीबद्दल नाही. मला तर वारीला जाणाऱ्यांबद्दल वावगं बोलण्याची इच्छाही होत नाही. साक्षीदार म्हणून चौकशी करायची तर बाईला राहत्या घराखेरीज कुठं बोलावून घेता येत नाही, हेही मुलींनी लक्षात ठेवा. वर्षातून एकदा वकिलांना मंडळीत बोलवा आणि काय बदललंय ते विचारा.

पहिला आठवडा

त्याच रात्री लिहून काढा: वेळ, कोण कुठं उभं होतं, काय बोललं गेलं. दुसऱ्या दिवशी आठवण आपल्या बाजूनं झुकायला लागते. लागलं असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. "छळ झाला" असा मेसेज गेला की शंभर माणसं आमेन म्हणतात आणि त्या घराची आणखी कोंडी होते.

तक्रार करायची का? मार बसला असेल, बाईच्या अंगाला हात लागला असेल, घर पेटवलं असेल, तर करायचीच. त्याखालच्या गोष्टींत आधी त्या घराला विचारा, कारण साक्षीला त्यांनाच उभं राहावं लागतं आणि उद्या पाणी त्याच टँकरचं भरायचं असतं. त्यांचं काय चाललंय ते मात्र तिसऱ्या दिवसाच्या आत कळलंच पाहिजे. पाहुण्याकडून, दवाखान्यातून, कसंही. मी महिना लावला, आणि ते अकरा दिवस अजून माझ्या मनावर आहेत. आम्ही आता मंडळीत वेगळा डबा ठेवतो. ज्या घराचं आपल्यामुळं नुकसान झालं त्याची भरपाई त्यातून होते. दुधाचे अकरा दिवसांचे पैसे आम्ही उशिरा दिले, पण दिले.

आणि स्वतःकडे बघा. त्या दिवसानंतर दोन महिने मोटारसायकलचा आवाज आला की माझे हात कापायचे. झोप नव्हती, बीपी वाढलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही, कारण विश्वास कमी पडला असं म्हणतील असं वाटलं. तुम्ही सांगा. पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगा, डॉक्टरांना सांगा, भेटी थांबवा. बायबलमध्ये पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर सेवेला निघालेला मार्क पंफुल्या प्रांतातून माघारी फिरला, पौलाला ते लागलं, त्याच्यावरून बर्णबाशी ताटातूट झाली. त्याच पौलानं पुढं आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे. माघारी आलेल्याचं नाव आमच्या यादीतून आम्ही काढत नाही.

परत जाणं

लुस्त्र गावात पौलाला दगडमार झाला, मेला समजून गावाबाहेर ओढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो बर्णबाबरोबर दर्बेला निघून गेला. तो हट्टानं त्याच चौकात जाऊन उभा राहिला नाही. पुढं काही काळानं मात्र लुस्त्राला परत गेला, शिष्यांना धीर द्यायला. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्ही शिकायच्या आहेत.

मी पाच महिन्यांनी गेले. आधी पाळकांना घेऊन पोलीस पाटलांकडे. फोटो माझ्याकडून गेला, चूक माझी, असं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, फार बोलले नाहीत. मग आजींच्या मुलाला निरोप धाडला: येऊ का? चार दिवसांनी "या" म्हणून आलं. पिशवीत पवित्र शास्त्र नेलं नाही, फक्त बीपीचं मशीन. आजी दारातच म्हणाल्या, "पाच महिनं गोळी बदलायची र्‍हायलीया, आणि आत्ता येतीस व्हय?" दीड वर्ष मी फक्त बीपी बघत होते. मग एका दुपारी त्यांनीच गाणं म्हणायला लावलं. आता तिथं तिघी बसतात. मंडळीच्या वार्षिक सभेत मी तीनच सांगते, आणि पूर्वी सात होत्या हेही सांगते.

घर "नको" म्हणालं तर ते शेवटचं. कवठेमहांकाळच्या बाजूला एक घर आहे, २०१९ मध्ये त्यांनी हात जोडून येऊ नका म्हटलं. मी गेले नाही. दर गुरुवारी त्या घराचं नाव घेऊन प्रार्थना करते. सून कधी कधी बाजारात दिसते. मी हाक मारत नाही, तिच्याबरोबर कोण आहे ते मला ठाऊक नसतं. गेल्या महिन्यात तिनं आपणहून हाक मारली. मिरचीचा भाव काय लागला म्हणून विचारलं. मी सांगितला. जास्त लावला म्हणाली, पलीकडच्या ओळीतली मिरची दाखवली, आणि घाईनं एसटीकडे गेली.