पांढरा रस्ता धरा: फ्रान्सच्या गावाकडे सायकलने फिरायचं असेल तर

नागपूरच्या अंबाझरीला सकाळी सायकल घेऊन जमणाऱ्या आमच्या मंडळींत फ्रान्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काका, रूट कोणता घेऊ?" आणि लगेच लुआर नदीचं नाव येतं, कारण तिथल्या राजवाड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी म्हणतो, बापा, रूट मागून ठरव, आधी नकाशा वाचायला शीक. तिकडच्या शांत रस्त्याला बहुतेक वेळा नाव नसतं, नकाशात त्याचा रंग मात्र असतो. पांढरा.

माझी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यातली बरीच वर्षं पेंचच्या उजव्या कालव्यावर गेली. त्यामुळे पुढचं सगळं चढ-उताराच्या आणि पाण्याच्या अंगाने येईल, तेवढं चालवून घ्या.

मिशेलिन या फ्रेंच कंपनीचा कागदी नकाशा घ्या, १:१,५०,००० किंवा १:२,००,००० प्रमाणाचा. त्यात लाल रस्ते मोठ्या वाहतुकीचे. पिवळे चालतात, पण कामावर जायच्या-यायच्या वेळी त्यांवर गाड्या वाढतात. पांढरे आपले. रस्त्याच्या कडेने हिरवी रेघ दिसली तर तिथला देखावा चांगला, असा अर्थ. पण हिरवी रेघ लाल रस्त्यालाही असते, तिच्यावर भाळू नका. मला सगळ्यात आवडतात ते रस्त्यावर काढलेले बारीक बाण. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के चढ, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर, आणि बाणाचं टोक चढाकडे. एका बाणाचा रस्ता सामान घेऊन निघतो. तीन बाण दिसले तर वळसा घ्या, त्यात काही कमीपणा नाही. नागपूर सपाट असल्यामुळे आपल्याला चढाचा अंदाज नसतो. निघण्याआधी मागच्या कॅरिअरला दोन्ही पिशव्या लावून, वजन भरून रामटेकचा गड एकदा चढून पाहा. गिअर पुरेसे हलके आहेत की नाही ते तिथेच कळेल.

रस्त्यांच्या क्रमांकांवर फार विसंबू नका. 'ए' म्हणजे मोटारींचा महामार्ग, तिथे सायकलला बंदी. 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता, टाळावा. 'डी' म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा. डीपुढे तीन आकडे असले की रस्ता निवांत, असं सर्रास सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. २००६ च्या सुमारास फ्रान्सने बरेचसे राष्ट्रीय रस्ते जिल्ह्यांकडे सोपवले आणि त्यांना नवे क्रमांक मिळाले. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या तुलूझ शहराहून आजाँकडे जाणारा डी ८१३ हा पूर्वीचा एन ११३. आकडे तीनच, पण ट्रक तेवढेच. शिवाय जिल्ह्याची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो. म्हणून रंग पाहा.

एवढे रिकामे रस्ते तिथे आहेत काहून? देशात जवळपास ३५ हजार ग्रामपंचायती-नगरपालिका आहेत. प्रत्येक गाव शेजारच्या चार गावांना डांबरी रस्त्याने जोडलेलं आहे, आणि गावातली माणसं मात्र शंभर-दीडशे वर्षांत शहरांकडे निघून गेली. मध्य फ्रान्समधल्या क्रझ जिल्ह्याचं क्षेत्रफळ आपल्या नागपूर जिल्ह्याच्या निम्म्याहून जास्त आहे. तिथे लोकसंख्या सव्वा लाखाच्याही आत, आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत ४६ लाखांच्या वर. रस्ते राहिले, माणसं गेली. त्यातही बारा ते दोन हा वेळ सायकलवाल्यासाठी सोन्याचा. सगळा देश जेवायला बसलेला असतो आणि पिवळा रस्तासुद्धा पांढऱ्यासारखा वागतो. ज्या दहा किलोमीटरला मोठ्या रस्त्याशिवाय पर्याय नाही, ते त्या वेळात उरकून घ्या. फक्त जेवणाचं सामान बाराच्या आत विकत घेतलेलं असावं, कारण दुकानदारही जेवायलाच गेलेला असतो.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी गारोन कालवा सुचवतो. तुलूझपासून पश्चिमेला कास्ते-आँ-दोर्तपर्यंत १९३ किलोमीटर, आणि जवळजवळ सगळीकडे काठाने मोटारींना बंद असलेली डांबरी वाट. आपला कालवा शेताला पाणी द्यायला बांधलेला, म्हणून त्याला सतत बारीक उतार ठेवावा लागतो. हा बोटींसाठी बांधलेला. दोन लॉकच्या (म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली करणाऱ्या दारांच्या हौदांच्या) मधलं पाणी सपाट, सगळी उंची लॉकपाशी एकदम बदलते. सायकलला एवढाच अर्थ, की तासन् तास चढ नाही आणि लॉक आलं की छोटासा उंचवटा. आजाँला हा कालवा ५३९ मीटर लांबीच्या दगडी पुलावरून गारोन नदी ओलांडतो. खाली नदी, वर नावा आणि कडेने आपण. मी तिथे पुलाच्या कमानी मोजत किती वेळ थांबलो, ते बरोबरच्यांना विचारा. दुसरा फायदा रेल्वेचा. बोर्दो-तुलूझ लाइन या कालव्याच्या आसपासच धावते. मोआसाक, आजाँ, मार्मांद अशी स्टेशनं लागतात, त्यामुळे पाय थकले तर गाडी धरता येते. टीईआर म्हणजे त्यांची पॅसेंजर. तीत सायकल बहुधा फुकट जाते, पण उन्हाळ्यात काही प्रदेशांत आधी जागा राखून ठेवावी लागते. त्या प्रदेशाचा नियम पाहूनच निघा.

तुलूझच्या दुसऱ्या अंगाला, भूमध्य समुद्राकडे जाणारा कनाल द्यु मिदी जास्त प्रसिद्ध: १६६६ ते १६८१ मध्ये बांधलेला, २४० किलोमीटर, युनेस्कोच्या यादीतला. सायकलसाठी मात्र तो दुसऱ्या नंबरवर. तुलूझपासून साधारण ५० किलोमीटर वाट डांबरी आहे, पुढे बऱ्याच ठिकाणी माती आणि झाडांची मुळं. काठावरची प्लेन जातीची हजारो सावलीची झाडं बुरशीच्या रोगामुळे २००६ पासून तोडावी लागली, त्यामुळे काही टप्प्यांत सावलीही नाही. तरी नोरूझच्या खिंडीपर्यंत जाच. कालव्याचा हा सर्वात उंच भाग, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर. उंचवट्यावरच्या कालव्यात पाणी आणायचं कुठून, हाच खरा प्रश्न होता. हा कालवा बांधणाऱ्या रिकेने 'काळा डोंगर' नावाच्या रांगेतले ओढे अडवून सँ-फेरेओलला धरण बांधलं आणि वेगळ्या पाटाने ते पाणी इथे आणून दोन्ही बाजूंना सोडलं. त्या पाटाला रिगोल म्हणतात. रेव्हेलपासून नोरूझपर्यंत त्याच्या काठाने झाडीतून कच्ची वाट जाते, आणि मुख्य कालव्यावर गर्दी असते तेव्हाही इथे शुकशुकाट असतो. टायर ३५ मिलिमीटर किंवा रुंद हवेत.

कालव्याचा कंटाळा आला (तिसऱ्या दिवशी येतो) तर आजाँच्या आसपासून दक्षिणेला जेर जिल्ह्यात शिरा. सूर्यफूल, गहू, दगडी गावं आणि पांढऱ्या रस्त्यांचं जाळं. इथे दिशेचं भान ठेवा. बाईज, जेर, आरा, जिमोन, साव्ह या नद्या दक्षिणेच्या लानमझाँ पठारावरून बोटं फाकलेल्या पंजासारख्या उत्तरेकडे उतरतात. उत्तर-दक्षिण चालवलंत तर खोऱ्यातून आरामात जाल. पूर्व-पश्चिम निघालात तर दर थोड्या वेळाने टेकडीची एक धार चढायची आणि उतरायची, आणि संध्याकाळी हिशेब केलात तर घाट चढल्याएवढी उंची भरते. नेराक, कोंदोम, लेक्तूर, ओश ही गावं खोरी धरून जोडा.

बाकीचं थोडक्यात. बर्गंडीत जिव्री ते क्लुनी ही जुन्या रेल्वेमार्गावरची ४४ किलोमीटरची वाट १९९७ मध्ये खुली झाली, देशातली अशी पहिली. मुलं बरोबर असतील तर उत्तम. लुआरकाठचा मार्ग सुमारे ९०० किलोमीटरचा, पाट्या उत्कृष्ट, पण जुलै-ऑगस्टमध्ये ब्लुआ-आंब्वाज भागात रांगा लागतात. त्यापेक्षा आँद्र किंवा शेर या उपनद्यांच्या खोऱ्यात वळा.

तिकडे उजवीकडून चालायचं. त्याचा सराव नागपुरात करू नका, आधीच पुरेसे लोक करून राहिले आहेत. लहान गावात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, पाटी वेगळं सांगत नसेल तर. पिवळा चौकोन टोकावर उभा केलेली पाटी दिसली, की आधी जायचा हक्क तुमचा. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं आहे. गावाबाहेर तुम्हाला ओलांडून जाणाऱ्या गाडीने दीड मीटर अंतर ठेवायचं असा कायदा आहे, आणि गावाकडे तो बऱ्यापैकी पाळतात.

पाणी दफनभूमीत मिळतं. फुलांसाठी तिथे नळ असतो. 'पिण्याचं नाही' अशी पाटी नाही ना, एवढं पाहून बाटली भरा. शाकाहारी असाल तर गावातल्या हॉटेलवर भिस्त ठेवू नका: ब्रेड, चीज, टोमॅटो, पीच. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच ठिकाणी सोमवारीही दुकानं बंद, म्हणून एका दिवसाचं जास्तीचं जवळ हवं. बाहेरच्या देशांतून दुधा-मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा खव्याची संत्रा बर्फी घरीच ठेवा. शेंगदाण्याची तिखट चटणी न्या, ती ब्रेडला छान लागते.

मुक्कामासाठी नगरपालिकांची कॅम्पिंगची मैदानं स्वस्त आणि साधी असतात. पण शेंगेन व्हिसाला (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या) राहण्याचा पुरावा आणि किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो, म्हणून मुक्काम आधी ठरवावे लागतात. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मे-जून किंवा सप्टेंबर धरा. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो, त्यामुळे दुपारी झाडाखाली झोपलात तरी साठ किलोमीटर होतात. ऑगस्टशिवाय रजाच मिळत नसेल तर जा, पण पंधरा ऑगस्टला तिकडेही सुट्टी असते. ब्रेड चौदालाच घेऊन ठेवा.