घरबसल्या ईश्वरविज्ञान शिकायचंय? पैसे भरण्याआधी एवढं तपासा

नागपूरच्या सदरमधल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी पास्टोरेट कमिटीवर (कारभार बघणाऱ्या समितीवर) आहे. उमेदवारांचे कागद बघायचं काम माझ्याकडे असतं. बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत पाळी करणारी मुलं मोबाईलवरची जाहिरात दाखवून विचारतात, "मावशी, ही सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, खरी आहे का?" नोकरी सोडून वसतिगृहात राहणं त्यांना परवडत नाही. सेवेची ओढ मात्र मनापासूनची असते, आणि त्या ओढीवर दुकान मांडणारे लोक आहेत, याचा मला फार राग येतो.

आधी ठरवा, हा कागद दाखवायचा कुठे? एम.ए.ला प्रवेश किंवा सरकारी नोकरी हवी असेल, तर कायद्याने अधिकार दिलेल्या विद्यापीठाचीच पदवी घ्या. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे पदवी देण्याचा हक्क इतर कोणालाच नाही. पण संडेस्कूल घ्यायचं आहे, प्रार्थनासभेत वचन नीट समजावून सांगायचं आहे, एवढंच असेल तर मान्यता नसलेली शाळाही उपयोगी पडू शकते. मान्यता नाही म्हणून तिला लगेच खोटी म्हणू नका. घर आणि रोजगार सोडून येऊ न शकणाऱ्या गावच्या पाळकांसाठी १९६३ साली ग्वाटेमालात सेमिनरीच त्यांच्यापर्यंत नेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे त्याच वाटेने १९७१ मध्ये बंगळुरूची टॅफ्टी ही घरबसल्या ईश्वरविज्ञान शिकवणारी संस्था उभी राहिली. शिवाय कलम २२ पदवीपुरतं आहे, साध्या प्रमाणपत्राला ते आडवं येत नाही. प्रामाणिक शाळा स्वतःच सांगते, "आम्ही प्रमाणपत्र देतो, विद्यापीठाची पदवी नाही."

खोट पकडायची ती दाव्यात. 'मान्यताप्राप्त' लिहिलंय ना? मग कोणाची मान्यता, ते नाव वहीत उतरवा आणि शाळेला न विचारता थेट त्या मान्यता देणाऱ्या संस्थेच्या यादीत शाळेचं नाव शोधा. सेरामपूर कॉलेज १८१८ चं. त्याला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ चा स्वतंत्र कायदाही आहे. तिथल्या सिनेटशी, म्हणजे ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या मंडळाशी, संलग्न असल्याचा दावा सिनेटच्या यादीवरून पडताळता येतो. एशिया थिऑलॉजिकल असोसिएशन, म्हणजे एटीए, ही सेमिनऱ्यांना मान्यता देणारी, मंडळींच्या जगात मान असलेली संस्था आहे, पण ती सरकारी नाही. यवतमाळला सुरू होऊन १९८३ मध्ये पुण्याला गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी आपल्या विदर्भातल्या लोकांना माहीत आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या शाळेबद्दल तिलाच पत्र लिहून विचारा.

ट्रस्टची नोंदणी, आयएसओ, उद्यम नोंदणी यांतल्या कशानेही पदवी देण्याचा अधिकार मिळत नाही. अमेरिकेचं नाव ऐकूनही भुलू नका. फ्लोरिडासारख्या राज्यात धार्मिक शाळांना परवान्यातून सूट मिळते, ती सूट म्हणजे मान्यता नव्हे. काही 'अॅक्रेडिटिंग कौन्सिल' (मान्यता देणाऱ्या परिषदा) तर त्याच शाळांनी एकमेकींसाठी काढलेल्या असतात. अशा कौन्सिलचं नाव तिथल्या शिक्षण खात्याच्या किंवा सीएचईए (उच्च शिक्षणातल्या मान्यता-संस्थांची तिथली परिषद) हिच्या यादीत आहे का, ते बघा.

यूजीसीची बनावट विद्यापीठांची यादीही उघडा. तिच्यात विशाखापट्टणमची 'बायबल ओपन युनिव्हर्सिटी ऑफ इंडिया' आहे आणि आपल्या नागपूरची 'राजा अरेबिक युनिव्हर्सिटी'सुद्धा. यादीत नाव नाही म्हणून शाळा चांगली ठरत नाही. कायदा मोडल्याचा दंड फार तर हजार रुपये आहे, तेव्हा त्या धाकाच्या भरवशावर राहू नका.

माझ्या मते खरी परीक्षा शिकवण्याची. बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा अभ्यासक्रम मागवा. कोणती पुस्तकं वाचायची, लेखन किती, तपासणार कोण आणि तो स्वतः कुठे शिकला, हे विचारा. एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा तपासलेला स्वाध्याय बघायला मागा. शिक्षकाने समासात काही लिहिलंय, की नुसते गुण आणि शिक्का? शिकवणारी शाळा असा कागद आनंदाने दाखवते. 'सेवेच्या अनुभवावर' दोन महिन्यांत डॉक्टरेट, हॉटेलच्या हॉलमध्ये गाऊन घालून मानद पदवी आणि वर 'देणगी', असं दिसलं की फोन ठेवून द्या. तसा 'डॉ.' नावापुढे लावून व्यासपीठावर उभं राहणं म्हणजे मंडळीशी खोटं बोलणं आहे.

नागपुरात विचारायला माणसं आहेत. सिव्हिल लाइन्समध्ये एनसीसीआयचं, म्हणजे भारतातल्या चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचं, मुख्यालय आहे, आणि सेमिनरीत शिकलेले पाळक शहरात पुष्कळ भेटतात. जाहिरात त्यांना दाखवा. पाळक होण्याचा विचार असेल, तर हा कोर्स पाळकपदाच्या दीक्षेसाठी चालेल का, हे आपल्या डायोसिसकडून (बिशपच्या कार्यालयाकडून) लेखी घ्या. तोंडी "चालेल" धरू नका.

एवढं होऊनही शाळा बरी वाटली तर एकाच विषयाची फी भरा. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यातच टाका, कुणाच्या खासगी नंबरवर नको, आणि पावती मागा. पहिला स्वाध्याय तपासून परत आला की मग पुढच्या विषयाचं बघा.