दोन नेटवर्क राउटरने जोडताना परतीचा मार्ग कसा लिहावा

तळमजल्याचे नेटवर्क १९२.१६८.१०.०, वरच्या मजल्याचे १९२.१६८.२०.०, दोन्हींचा सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा, हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.० आणि इंटरनेट तळमजल्याच्या मुख्य राउटरवर, म्हणजे १९२.१६८.१०.१ वर, अशी मांडणी मी येथे धरली आहे.

दोन्ही मजले जोडणाऱ्या दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टला (तळमजल्याकडच्या बाजूला) १९२.१६८.१०.२ आणि लॅनला (वरच्या मजल्याकडच्या बाजूला) १९२.१६८.२०.१ हा पत्ता द्या, त्याचा गेटवे (आपल्या नेटवर्कबाहेरची माहिती ज्याच्याकडे सोपवायची तो पत्ता) १९२.१६८.१०.१ ठेवा आणि त्यावरचे नॅट (पाठवणाऱ्याच्या पत्त्याऐवजी राउटरचा स्वतःचा पत्ता लावणारी सोय) बंद करा.

आता वरच्या संगणकावरून खालच्या प्रिंटरला पिंग करा, म्हणजे उत्तर येते का हे पाहणारा छोटा संदेश पाठवा. पॅकेट (माहितीचा तुकडा) प्रिंटरपर्यंत पोहोचते, पण उत्तर येत नाही. एका लहान कार्यालयात याच ठिकाणी अडकून मी रात्री अकरापर्यंत केबल बदलत आणि राउटर रीसेट करत बसलो होतो. अखेर मुख्य राउटरचे राउटिंग टेबल (कोणते नेटवर्क कोणत्या वाटेने, याची यादी) उघडले, तेव्हा त्यात १९२.१६८.२०.० ची ओळच नव्हती. पॅकेट ज्या वाटेने आले त्याच वाटेने उत्तर जाईल, हा समज चुकीचा आहे. राउटर प्रत्येक पॅकेटवरचा पोहोचण्याचा पत्ता टेबलात नव्याने शोधतो, जुळणाऱ्या नोंदींतली सर्वांत नेमकी नोंद निवडतो आणि तशी नोंद नसल्यास पॅकेट डीफॉल्ट मार्गावर ढकलतो. प्रिंटरचे उत्तर असेच इंटरनेटच्या दिशेने जाते, आणि तिथे १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या अशा खाजगी पत्त्यांना मार्गच नसल्याने ते नाहीसे होते.

म्हणून मुख्य राउटरच्या ‘स्टॅटिक राउट’ (हाताने लिहिलेला मार्ग) पानावर नेटवर्क १९२.१६८.२०.०, मास्क २५५.२५५.२५५.० आणि गेटवे १९२.१६८.१०.२ असे लिहा. गेटवेच्या रकान्यात १९२.१६८.२०.१ लिहू नका. मुख्य राउटरला थेट गाठता येणारा पत्ताच तिथे चालतो. प्रिंटरला पत्ता हाताने दिला असेल, तर त्याचा स्वतःचा गेटवेही भरलेला आहे ना, हे पाहा. तो रकाना रिकामा राहिलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे.

‘दुसऱ्या राउटरवर नॅट चालू करा, काम होईल’ हा सल्ला कृपया मानू नका. वरून खाली छपाई होईल, पण खालून वरच्या संगणकाशी जोडणी सुरू करता येणार नाही, आणि मूळ चूक झाकली जाईल.

शेवटी वरच्या संगणकावर प्रिंटरचा पत्ता देऊन ‘ट्रेसर्ट’ (पॅकेटच्या वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा, tracert) चालवा. पहिल्या ओळीत १९२.१६८.२०.१ आणि दुसऱ्या ओळीत प्रिंटर दिसला पाहिजे. पहिल्या ओळीनंतर नुसत्या चांदण्या (*) आल्या, तर आधी परतीचाच मार्ग तपासा.