काळ्या मातीत टू-व्हील पिकअप: रुतण्याआधी आणि रुतल्यावर

बोलेरो पिकअप, योधा, दोस्त, इंट्रा या शेतमाल ओढणाऱ्या गाड्यांची टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलं मागच्या चाकांवर चालतात, म्हणजे इंजिनचा जोर फक्त त्याच दोन चाकांना जातो. म्हणायला दोन चाकं, पण चिखलात कामाला येतं एकच, आणि तेही नेमकं घसरणारं. साधं डिफरन्शिअल (मागच्या अॅक्सलमधला, जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गरगर फिरायला लागलं की त्याला फिरवायला जेवढा थोडा जोर पुरतो, तेवढाच कोरड्यावरच्या चाकाला मिळतो. ते मग जागचं हलत नाही. म्हणून या गाडीत बसण्याआधी पायी केलेलं काम जास्त महत्त्वाचं.

औत घालायच्या आधी वाफसा, म्हणजे मातीत कामाजोगी ओल आहे का ते, बघतात, तसाच तो गाडीसाठीही बघायचा. चार बोटं खोल उकरून मूठभर माती घ्या आणि तळहातावर वळा. पेन्सिलीएवढी वळी न तुटता झाली तर भरलेली गाडी त्या रानात घालू नका. माती वळताना चुरली तर जायला हरकत नाही. काळी माती फसवते ती पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी. वर खपली धरलेली, बारीक भेगाही पडलेल्या, आणि खाली लोणी. त्यासाठी पहार हवी. ती हाताच्या जोराने वीतभर सहज आत गेली तर खपली मागच्या चाकांचं वजन पेलणार नाही. पाणंदीचा सगळा पट्टा तपासत बसायची गरज नाही. रानाचं तोंड (तिथे ट्रॅक्टर वळून वळून लगदा झालेला असतो), पाटाचा पाझर येतो ती जागा, बांधाखालचा सखल कोपरा आणि ठिबकच्या व्हॉल्व्हभोवतीची ओल, एवढं बघितलं तरी बहुतेक धोका कळतो.

रिकामी पिकअप भरलेल्यापेक्षा लवकर फिरकते, कारण इंजिन पुढे आणि हौदा मोकळा. मागच्या चाकांवर वजनच नसतं. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत पाऊण भाग वाळू भरून तोंड शिवलं की साधारण 40 किलोची गोणी होते. अशा पाच-सहा गोण्या मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे ठेवा आणि बांधा. फाळक्याजवळ, म्हणजे हौद्याच्या मागच्या टोकाला ठेवल्या तर गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. याच गोण्या अडल्यावर फोडून चाकाखाली टाकता येतात, त्यामुळे वाळूऐवजी दगड भरण्यात अर्थ नाही.

टायरची हवा हा दुसरा उपाय, पण तो सरसकट नाही. माती खोलवर मऊ असेल किंवा नदीपात्रातली कोरडी वाळू असेल, तर रिकाम्या गाडीत चारही टायर 20 ते 22 पीएसआयवर आणा. टायर लांबट बसतो आणि वजन जास्त जागेवर पसरतं. ट्यूब असेल तर याखाली जाऊ नका. रिमवर टायर सरकला की ट्यूबही सरकते आणि व्हॉल्व्हची मान तुटते. भरलेल्या गाडीची मागची हवा मात्र थोडीच सोडायची, 60 असेल तर 50 पर्यंत, आणि वेग चालत्या माणसाएवढा. कोकणातल्या लाल मातीत किंवा मुरमाच्या रस्त्यावर गंमत उलटी असते. वर दोन इंच गिलावा आणि खाली टणक जमीन असेल तर हवा सोडू नका. तिथे टायरने गिलावा कापून खालच्या मुरमापर्यंत पोचायला हवं. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा आधी भरून घ्यायची, मग वेग. कमी हवेच्या टायरची बगल तापून फाटते.

चिखलात शिरण्याआधी, कोरड्यावरच दुसरा गिअर टाका. पहिल्या गिअरमध्ये जोर एकदम येतो आणि चाक लगेच फिरकतं. एकदा आत शिरलात की क्लचला पाय लावायचा नाही, गिअर बदलायचा नाही, अॅक्सिलरेटर एकसारखा धरायचा. गाडी मंदावायला लागली तर स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवा. पुढच्या टायरच्या कडांना चाकोरीच्या भिंतींची नवी पकड मिळते आणि बऱ्याचदा तेवढ्यावर निभावतं. चाकोरी खोल असेल तर तिच्यात चाकं घालू नका. मागच्या अॅक्सलमधला डिफरन्शिअलचा गोळा हा गाडीचा सगळ्यात खालचा भाग. तो मधल्या उंचवट्यावर टेकला की चाकं जवळपास लोंबकळतात. एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं बाहेरच्या कडेवर ठेवून चाकोरी दोन्ही चाकांच्या मध्ये घ्या. कड बसकी असेल तर हेही जपून.

चढाला भरलेली गाडी सरळ पुढून न्या, वजन मागच्या चाकांवर येतं आणि ती धरते. चढ अर्ध्यात सुटला तर वळवायचा प्रयत्न नको. ब्रेक, रिव्हर्स गिअर, आणि आलात तसे सरळ खाली. उतरताना पहिला गिअर. पण ओल्या उतारावर इंजिनच्या ओढीने मागची चाकं अडून शेपूट एका बाजूला जायला लागली, तर ब्रेक दाबू नका. अॅक्सिलरेटर किंचित द्या म्हणजे चाकं पुन्हा फिरतील.

माल भरताना होणारी चूक फार जणांच्या लक्षात येत नाही. रानात गाडी दोन तास उभी राहते, हौद्यात कांद्याच्या गोण्या चढत जातात आणि टायर हळूहळू स्वतःच खड्डा करत बसतात. निघताना गाडी जागेवरच रुतलेली असते. म्हणून रिकामी असतानाच रिव्हर्समध्ये आत घ्या, तोंड बाहेरच्या बाजूला ठेवा आणि मागच्या चाकांखाली दोन इंच जाडीच्या फळ्या घालून मगच माल चढवा. फळ्या नसतील तर दर पंधरा-वीस गोण्यांनंतर गाडी दोन-तीन फूट पुढे घ्या. रान खरंच ओलं असेल तर गाडी बांधापलीकडे उभी करून ट्रॅक्टर-ट्रॉलीने माल काढणंच स्वस्त पडतं. क्लच प्लेटचा खर्च आठवून बघा.

आता रुतली, तर पहिली गोष्ट, पाय उचला. चाक दोन-तीन सेकंद जोरात फिरलं की गोळा चिखलात टेकतो. आलात त्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्या. एकच चाक फिरकत असेल तर हँडब्रेक दोन-तीन दात ओढून हलका अॅक्सिलरेटर द्या. फिरकणाऱ्या चाकाला अडथळा झाला की दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. निघाल्यावर हँडब्रेक लगेच सोडा, नाहीतर ब्रेकचे लायनर जळतील. पहिला-रिव्हर्स करत झुलवणं चार-पाच वेळाच. जळका वास आला की थांबा.

नाही निघाली तर फावडं. चाकांच्या समोरचा आणि गोळ्याखालचा चिखल आधी काढा, हे टाळून कुठलीच युक्ती चालत नाही. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. जॅकखाली फूटभर चौरस जाड फळी ठेवा, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. जॅक पाट्यांजवळ (लीफ स्प्रिंगजवळ) अॅक्सलच्या नळीला लावा, गोळ्याला नको. चाक उचललं की खालचा खड्डा दगड-मुरमाने भरा आणि वर पऱ्हाट्या किंवा तुराट्या गाडीच्या दिशेला आडव्या अंथरा. उसाचं पाचट हाताशी असतं, पण ओलं पाचट घसरतं, आणि वाळलेलं पाचट तापलेल्या सायलेन्सरखाली पेट घेऊ शकतं. बारदान चाकाखाली घातलंत तर मागे कोणी उभं राहू नये. चाक ते गोफणीसारखं फेकतं.

ट्रॅक्टर बोलावला तर दोर चेसिसच्या टोइंग हुकलाच बांधा. बंपर, टाय रॉड किंवा पाट्यांना नको. ट्रॅक्टरकडे दोर खालच्या ड्रॉबारला हवा. टॉप लिंकला किंवा सीटच्या मागे उंच बांधला तर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलून तो मागे उलटतो, आणि चालवणारा त्याखाली सापडतो. दोर आधी ताणून घ्या, मग ओढा; झटके नकोत. दोरावर मधोमध ओलं पोतं टाका आणि दोराच्या दीडपट अंतरात कोणाला उभं राहू देऊ नका. शक्यतो आलेल्या दिशेलाच मागे ओढा, तिकडची जमीन दाबली गेलेली असते.

ओढ्याचं पाणी वाहतं असेल तर आधी काठीने तळ चाचपा. चाकाच्या मध्यापर्यंत पाणी असेल तर थांबा, आणि ओढ असेल तर त्याहून कमी पाण्यातही. पार केल्यावर ब्रेक हलके हलके दाबून ड्रम वाळवा. गोळा पाण्यात बुडाला असेल तर त्याचं तेल बघा. तापलेला गोळा पाण्यात गार होताना पाणी आत ओढतो. फिलर प्लगमध्ये बोट घाला. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं निघालं तर बदलावंच लागेल, नाहीतर बेअरिंग आवाज करायला लागतील.

घरी आल्यावर रिमच्या आतल्या बाजूचा चिखल पाण्याने काढा. तो वाळून एका बाजूला चिकटला की 60 च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच अलाइनमेंटवर पैसे घालतात. पाट्यांचे यू-बोल्ट तपासून आवळा, प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरा. रस्त्यावर चढण्यापूर्वी टायरला चिकटलेली ढेकळं पहारीने खरवडून काढायलाही पाच मिनिटं लागतात. डांबरावर पडलेली तीच माती पुढच्या पावसात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला पाडते.