लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती येण्याआधी मराठी तपासून घ्या

दिवाळी अंकांचा मजकूर माझ्याकडे मुद्रितशोधनाला यायला लागतो ऑगस्टमध्ये, आणि लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरची नवी आवृत्तीही नेमकी ऑगस्टमध्येच येते. (दुसरी फेब्रुवारीत.) ऐन घाईत जोडाक्षरं फुटलेली बघायची नसतील, तर बीटा (चाचणीसाठीची आवृत्ती) निघालं की लगेच कामाला लागा. आरसी (रिलीज कॅन्डिडेट, म्हणजे जवळपास अंतिम आवृत्ती) निघाल्यावर दुरुस्ती आत घ्यायला जास्त जणांची मंजुरी लागते, मग तुम्हाला सापडलेला बग, म्हणजे दोष, पुढच्या खेपेवर जातो.

बीटा 'लिब्रेऑफिसडेव्ह' नावाने वेगळं बसतं, रोजच्याला धक्का लागत नाही. आरसी मात्र जुन्याच्या जागी बसतं, म्हणून ते कामाच्या मशीनवर नको.

तपासायला एक पानभर फाइल कायमची करून ठेवा. माझ्या फाइलीत दऱ्याखोऱ्या, तऱ्हा, ॲप, ऑक्टोबर, देवनागरी आकड्यांची यादी, तळटीप आणि एक तक्ता आहे. भाषा मराठी लावलेली हवी. हिंदी राहिली तर काही फाँटांत श आणि ल हिंदी वळणाचे दिसतात, आणि तो बग नव्हे. 'दऱ्या' दोन्ही प्रकारे टाइप करा: एकदा ऱ, हलन्त, य असं आणि एकदा साधा र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), य असं. दिसायला दोन्ही सारखे यायला हवेत. एकाला रफार चढला की सापडला मासा!

मग जुन्या आणि नव्या आवृत्तीतून तीच फाइल पीडीएफ करा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. डॉकएक्स या वर्डच्या फाइल प्रकारात सेव्ह करून पुन्हा उघडा. तळटिपा आणि तक्ते इथेच जास्त दगा देतात.

काही बिघडलेलं दिसलं तर 'हेल्प' मेनूतून सेफ मोडमध्ये, म्हणजे तुमची सेटिंग बाजूला ठेवून, सुरू करून बघा. तिथे नीट चालत असेल तर दोष बहुधा तुमच्या सेटिंगचा. तिथेही तसंच असेल तर फाइल कापत कापत दोन ओळींवर आणा. बगच्या नोंदीला लेखकाचा मजकूर जोडू नका. बगझिलावरची (बग नोंदवायच्या संकेतस्थळावरची) जोडपत्रं जगाला दिसतात.

नोंदवण्याआधी तोच बग आधी आलाय का ते शोधा. नोंद इंग्रजीत, पण साधी: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सोबत 'अबाउट' खिडकीतली आवृत्तीची माहिती कॉपी करून आणि फाँटचं नाव. 'मराठी नीट दिसत नाही' एवढंच लिहिलंत तर कोणाला काही करता येत नाही. जुन्या आवृत्तीत ठीक होतं असं दाखवता आलं तर ते ठळक लिहा, त्याला रिग्रेशन म्हणतात. मग जाणकार मंडळी तयार बिल्डांच्या (वेळोवेळी बनवून ठेवलेल्या आवृत्त्यांच्या) साठ्यात बायसेक्ट करतात, म्हणजे मधला बिल्ड तपासून दर वेळी निम्मे बाद. हजार बिल्ड असले तरी दहाएक फेऱ्यांत बिघडवणारा बदल हाती लागतो.

नवी नोंद 'अनकन्फर्म्ड' राहते. दुसऱ्या कोणाच्या मशीनवर तोच बग दिसला की ती 'न्यू' होते, म्हणून मराठीच्या दोघातिघांनी मिळून एकमेकांच्या नोंदी पडताळाव्यात. देवनागरीच्या बाबतीत हे काम परक्या माणसाला जमत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' त्याला सारखेच.