थंडीत कार्बोरेटरची गाडी : गॅरेजच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा सकाळी गॅरेजपुढे ढकलत आणलेल्या स्प्लेंडर आणि जुन्या बुलेट उभ्या असतात. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आलं. पण शेतावर जायला, डेअरीत दूध घालायला निघणाऱ्या कितीतरी गाड्या अजून कार्बोरेटरच्याच, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या जुन्या भागाच्याच आहेत. आयटीआय करून या कामात येणाऱ्या मुलांनी त्या नीट शिकून घ्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

ठिणगीने पेटते ती पेट्रोलची वाफ, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. गारठ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. थेंब मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनपर्यंतच्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या थंड भिंतींना चिकटतात आणि पेटण्याजोगं फार थोडं उरतं. चोक ओढला की हवेच्या मानाने पेट्रोल वाढतं, त्यातल्या थोड्याचीच वाफ झाली तरी भागतं.

पेट्रोलचा कॉक चालू करा, चोक पूर्ण ओढा आणि चावी बंद ठेवून दोन-तीन किका सावकाश मारा. पेट्रोल आत खेचलं जातं, घट्ट झालेलं ऑइलही मोकळं होतं. मग चावी चालू करून एक दमदार किक. सेल्फ असला तरी पहिली सुरुवात किकनेच करा, कारण थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो आणि इंजिन जड फिरतं.

या वेळी एक्सलेटरला हात नको. पुष्कळ जण आधी चार वेळा मूठ पिळतात. कारच्या कार्बोरेटरला पंप असतो, पेडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी उडते. साध्या दुचाकीला बहुधा तो नसतोच. शिवाय ज्या कार्बोरेटरमध्ये चोकसाठी पेट्रोलची वेगळी वाट असते, तिथे मूठ उघडली की ओढ कमी होते आणि चोक लागतच नाही.

पेट्रोलचा उग्र वास आला तर किका थांबवा. प्लग ओला झालेला असतो. चोक बंद, चावी बंद, मूठ पूर्ण उघडी ठेवून काही किका मारा. तरीही नाही उचलली तर प्लग काढून कोरडा करा.

गाडी सुरू झाली आणि आवाज स्थिर झाला की चोक हळूहळू सोडा. चोक तसाच ठेवून कामावर गेलेल्यांच्या प्लगवर काजळी धरते, आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. बंद शेडमध्ये गाडी गरम करत ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

दुपारच्या उन्हातही चोकशिवाय उचलत नसेल, तर थंडीला दोष देऊ नका. स्लो जेट, म्हणजे कार्बोरेटरमधला कमी वेगावर पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग, चोंदलेला असेल किंवा मॅनिफोल्डच्या जोडातून हवा खेचत असेल. जेट हवेच्या प्रेशरने साफ करा. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं तर जेटच बदलावा लागतो.