गोड वाइन कशी ओळखावी, कशी प्यावी आणि कशाबरोबर प्यावी

पुण्यात गोड वाइनबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, ती नवशिक्यांची असते. दोन, ती जेवणानंतर गुलाबजामबरोबर घ्यायची असते. पहिलं मत सरळ चूक आहे. हंगेरीतल्या तोकायच्या द्राक्षमळ्यांच्या हद्दी 1737 साली राजाज्ञेने आखल्या गेल्या त्या गोड वाइनपायी. 1855 मध्ये फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या वाइनची प्रतवारी झाली, तेव्हा पांढऱ्या वाइनच्या यादीत सगळ्यांच्या वरचा स्वतंत्र दर्जा शातो दिकेम या एकाच गोड वाइनला मिळाला. दुसरं मत जास्त नुकसान करतं, कारण त्यापायी चांगल्या बाटल्या वाया जातात. त्याचा समाचार खाली सविस्तर घेतला आहे.

1. सहा जण, चार बाटल्या

एकट्याने एक बाटली आणून काही कळत नाही, शेजारी तुलनेला दुसरी हवी. सहा जण जमवा आणि वर्गणी काढा. एक हलकी, फसफसणारी घ्या: इटलीची मोस्कातो द'आस्ती, नाही मिळाली तर सुलाची दिया. एक नाशिकची लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची, शेनिन ब्लां. एक पोर्तुगालची पोर्ट, जमलं तर टॉनी, म्हणजे बरीच वर्षं लाकडी पिंपात मुरलेली. चौथी बोर्दोची सोतेर्न किंवा हंगेरीतल्या तोकायची तोकाई आसू. ही महाग असते, पण 375 मिलीची अर्धी बाटली पुरते. माणशी 60 मिली धरले तर बरोबर सहा ग्लास होतात, आणि गोड वाइनचा ग्लास एवढाच भरायचा असतो.

दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात उभी केलेली बाटली घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त असो. एप्रिल-मे काचेत काढलेली वाइन शिजलेलीच असते.

आणखी एक. गोव्यात आणि आपल्याकडे दोनशे-तीनशेत मिळणारी 'पोर्ट वाइन' आणि पोर्तुगालच्या दौरो खोऱ्यातली पोर्ट यांच्यात नावापलीकडे फारसं नातं नाही. ती पिऊन पोर्टबद्दल मत बनवू नका.

2. लेबल वाचा, पण शब्दांवर विसंबू नका

शॅम्पेनच्या धर्तीच्या वाइनवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलेलं असेल, तर ती 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर चालते, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17 आणि 'देमी-सेक'मध्ये 32 ते 50. 'फ्रूटी' म्हणजे गोड, हाही गैरसमज. लिचीचा, आंब्याचा वास येणारी वाइन जिभेवर पूर्ण कोरडी, म्हणजे बिनगोड, असू शकते. शंका आली की नाक दाबून घोट घ्या, साखर आहे की नाही ते लगेच कळतं.

शब्दांपेक्षा अल्कोहोलचा आकडा बोलका असतो. लिटरमधली साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. मोस्कातो द'आस्तीवर साडेपाच टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसतो, पण त्या द्राक्षात 11-12 टक्क्यांपर्यंत जाईल एवढी साखर होती. आंबवण मध्येच थांबवलं म्हणून उरलेली सहाएक टक्क्यांची साखर, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास, बाटलीत तशीच राहिली. आकडा 19-20 असेल तर वरून स्पिरिट घातलेलं आहे. 13-14 असेल आणि लेबलवर गोडाचा काही उल्लेख नसेल, तर बहुतेक वेळा ती कोरडीच निघते.

3. गोडी कुठून आली ते समजून घ्या

बऱ्या गोड वाइनमध्ये साखर वरून ओतलेली नसते, ती द्राक्षाचीच असते. द्राक्षात पाण्याच्या मानाने साखर वाढवायची, किंवा यीस्टने ती संपवण्याआधी काम थांबवायचं, असे हे दोन रस्ते. पोर्टमध्ये आंबवण अर्ध्यावर असताना 77 टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट ओततात, यीस्ट मरतं आणि साखर राहते. इटलीत द्राक्षं चटयांवर किंवा टांगून सुकवतात. जर्मनीत आणि कॅनडात ती वेलीवरच गोठू देतात आणि उणे 7-8 अंशांच्या थंडीत दाबतात. पाणी बर्फ होऊन मागे राहतं, दाट रस बाहेर येतो.

सोतेर्न आणि तोकाईचा रस्ता सगळ्यात विचित्र. बोट्रायटिस नावाची बुरशी द्राक्षाच्या सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, पाणी उडतं आणि आत साखर, आम्ल आणि मधासारखा वास दाटतो. त्यासाठी सकाळी धुकं आणि दुपारी कोरडं ऊन हवं. सोतेर्नला हे धुकं सिरों नावाच्या थंड पाण्याच्या छोट्या नदीमुळे मिळतं. ऊन पडलं नाही तर तीच बुरशी सगळा घड सडवते. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत होते, त्यामुळे हे गणित जुळणं अवघड. आपली लेट हार्वेस्ट म्हणजे घड वेलीवर जास्त दिवस ठेवून पिकवलेला. उष्णतेत पिकताना आम्ल झपाट्याने उतरतं, म्हणून त्यासाठी मुळातच आंबट असलेलं शेनिन द्राक्ष सोयीचं पडतं.

4. चाखण्याआधी सरबत करा

ही पायरी बहुतेक जण हसून टाळतात आणि मग तासभर "गोड आहे" एवढंच म्हणत बसतात. तीन ग्लासांत प्रत्येकी 200 मिली पाणी आणि 20 ग्रॅम साखर घ्या, म्हणजे लिटरला शंभर ग्रॅम झालं. पहिल्यात लिंबू नको, दुसऱ्यात अर्धं पिळा, तिसऱ्यात एक मोठं रसदार लिंबू पूर्ण. साखर तिन्हींत तेवढीच आहे, पण पहिला दोन घोटांत नकोसा होतो आणि तिसरा संपवावासा वाटतो. गोड वाइनची सगळी परीक्षा ही आहे. साखर किती, हा प्रश्न दुय्यम. तिच्यामागे आंबट किती उभं आहे, ते पाहायचं.

कोलातही लिटरला शंभरेक ग्रॅम साखर असते, पण आम्लामुळे ती जाणवत नाही. तोकाई आसूमध्ये किमान 120 ग्रॅम साखर असूनही तोंड स्वच्छ राहतं, ते याच कारणाने. उलट स्पेनच्या पेद्रो हिमेनेस शेरीत 300-400 ग्रॅम साखर आणि मागे आम्ल थोडकं, म्हणून ती काकवीसारखी ओघळते. ती ग्लासात पिऊ नका. साध्या व्हॅनिला आइस्क्रीमवर 20 मिली ओता, तिची जागा तीच आहे.

आता वाइन चाखा. क्रम फसफसणारी, लेट हार्वेस्ट, सोतेर्न किंवा तोकाई आणि शेवटी पोर्ट. मध्ये साधे कुरमुरे आणि पाणी. घोट गिळल्यावर थांबा: गालांच्या आतून पाणी सुटलं तर आम्ल शाबूत आहे, ओठ चिकटले तर नाही.

5. तापमान

'रूम टेंपरेचर' हा सल्ला 16-18 अंशांच्या युरोपातल्या खोल्यांचा आहे, मे महिन्यातल्या कोथरूडच्या फ्लॅटचा नाही. फसफसणारी 6 ते 8 अंशांवर, लेट हार्वेस्ट 8 ते 10, सोतेर्न आणि तोकाई 10 ते 12, टॉनी 12 ते 14, रुबी, म्हणजे पिंपात कमी मुरलेली लाल पोर्ट, 16. फ्रिज साधारण 4 अंशांवर असतो, म्हणून लेट हार्वेस्ट उन्हाळ्यात पाच मिनिटं आणि डिसेंबरात पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. कोमट झाली की साखर आणि अल्कोहोल दोन्ही अंगावर येतात, फार गार झाली की वासच मिटतो. ऐनवेळी गार करायची तर बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर मीठ घाला. ग्लासात बर्फ घालू नका. स्टीलचा पेलाही नको.

6. कशाबरोबर: इथेच सगळं बिघडतं

नियम एकच आहे आणि त्याला फारशी सूट नाही: पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन मरते. जिलबी खाऊन चहा प्यायला की चहा बेचव लागतो, तसंच. जीभ गोडाला सरावते, वाइनमधली साखर तिला जाणवत नाही आणि उरतं फक्त आंबट आणि कडवट. मग "ही वाइन आंबलीये" असं म्हणून बाटली बाजूला सारली जाते. दोष बाटलीचा नसतो.

आता आपली मिठाई या नियमावर घासून पाहा. गुलाबजामच्या पाकात निम्म्याच्या आसपास साखरच असते, म्हणजे लिटरला 500 ग्रॅमच्या वर. सोतेर्न साधारण 120 ते 150. सामना सुरू होण्याआधीच संपला. श्रीखंडात चक्क्याच्या जवळपास बरोबरीने साखर जाते, पुरणात डाळीइतकाच गूळ. बासुंदी, आम्रखंड, बालुशाही, सगळ्यांची तीच कथा. त्यामुळे "डेझर्टबरोबर डेझर्ट वाइन" हा सल्ला कमी गोडाच्या फ्रेंच टार्टसाठी ठीक आहे, मराठी पंगतीसाठी अजिबात नाही. पाहुण्यांना जेवणानंतर गोड वाइन द्यायचीच असेल, तर तीच गोडाचा पदार्थ म्हणून द्या, सोबत काही नको.

गोड वाइनला हवं खारट, तळलेलं, तुपकट आणि बेताचं तिखट. त्या बाबतीत पुण्याइतकं सोयीचं गाव नाही. लेट हार्वेस्टबरोबर बाकरवडी घ्या. आधी बेसनाचं कुरकुरीत आवरण फुटतं, मग तीळ-खोबऱ्याचं सारण, त्यातली चिंचेची आंबट-गोड चव, आणि तिखट सगळ्यात मागाहून घशाशी येतं. ते आलं की घोट घ्यायचा, आधी नाही. तिखट बसतं, खोबरं पुन्हा वर येतं, आणि वाइन जास्त गोड न वाटता फळासारखी लागते. चिंच-गुळाची अळूवडी, तिखट-मीठ लावलेला पेरू आणि कोथिंबीर वडी यांचंही लेट हार्वेस्टशी छान जमतं.

तिखट बेताचंच हवं, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. साडेपाच टक्क्यांची मोस्कातो झणझणीत थाई करीला किंवा शेजवान पदार्थाला सांभाळून घेते. 20 टक्क्यांची पोर्ट ठेच्याबरोबर घेतलीत तर कानातून धूर निघेल. मिसळीबरोबर कुठलीच वाइन नको, ताक प्या.

टॉनीला खारवलेले बदाम, अक्रोड किंवा पुण्याच्या कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटं. तिच्यातली बरीच वर्षं लाकडी पिंपात मुरलेली सुक्या मेव्याची चव लोण्याला लगेच धरते. रुबीला 70 टक्क्यांचं डार्क चॉकलेट, मिल्क चॉकलेट नाही. सोतेर्नला ब्लू चीज. खारट आणि गोड यांची ही जोडी जगभर उगीच टिकलेली नाही. आणि गोडातला एक अपवाद महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा. ती आंबटसर असते, वर साखर भुरभुरू नका, आणि मोस्कातोबरोबर द्या. बेताची साखर घातलेला घरचा खरवसही लेट हार्वेस्टपुढे टिकतो, दुकानातला नाही.

खात्री नसेल तेव्हा पदार्थाचा घास आधी आणि वाइन नंतर, या क्रमाने चाखून पाहा. वाइन पातळ आणि आंबट लागली तर पदार्थ बदला.

7. उरलेली बाटली

बूच लावून फ्रिजमध्ये, उभी. फसफसणारी त्याच रात्री संपवा. लेट हार्वेस्ट पाच-सहा दिवस, सोतेर्न आणि तोकाई आठवडाभर, रुबी दोन आठवडे, टॉनी महिनाभर टिकते. पोर्टला काही होत नाही म्हणून ती हॉलमधल्या शोकेसमध्ये ठेवू नका. न उघडलेली बाटलीही माळ्यावर नको, उन्हाळ्यात घरातली सगळ्यात तापणारी जागा तीच असते.

तळाशी काचेसारखे खडे दिसले तर घाबरू नका. ती साखर नव्हे, टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, निथळून ओता. पण साध्या लेट हार्वेस्टमध्ये बुडबुडे दिसू लागले आणि बूच काढताना फुस्स झालं, तर उरलेल्या साखरेवर यीस्ट पुन्हा कामाला लागलेलं आहे. ती बाटली बेसिनमध्ये रिकामी करा.